मंगळवारची आंघोळ

"घाणीतच जायाचं तर आंघोळ करून कशाला?" तारामतीनं चुलीपुढूनच विचारलं.

 न्हाणीतून तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज आला आणि त्यामागून चंदनाच्या साबणाचा वास. तो साबण तिनं दिवाळीला आणला होता आणि पाहुण्यांसाठी म्हणून कपाटात वरच्या फळीवर ठेवला होता. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि ती करपेपर्यंत तशीच राहू दिली.

तिचा नवरा भीमाशंकर नांदेडबाहेर सांडपाण्याच्या प्लांटवर पंप ऑपरेटर होता. शहरातल्या संडास-मोऱ्यांचं पाणी नाल्यांतून तिथं येई, टाक्यांमधून फिरे, निवळे आणि मग पुढं सोडलं जाई. या नोकरीला चौदा-पंधरा वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत त्यानं कामावर जाण्याआधी कधी आंघोळ केली नव्हती. आंघोळ परत आल्यावर. तीही मागच्या बोळातून येऊन, कपडे औषधाच्या पाण्याच्या बादलीत टाकून, मगच घरात पाऊल. हा नियम तारामतीनं पहिल्याच आठवड्यात घालून दिला होता आणि त्यानं त्यावर कधी हूं की चूं केलं नव्हतं. माहेरी अहमदपूरला तिनं 'पाण्याच्या प्लांटवर असतात' एवढंच सांगितलं होतं. कुठलं पाणी, हे कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

भीमाशंकर अंग पुसत बाहेर आला. "तो निळा शर्ट कुठं हाय?"

"कुठला?"

"सोमेशनं पुण्याहून आणलेला."

"पोरानं हौसेनं दिलेला, तो लग्नाकार्याला ठेवलाय."

"उगं पेटीत ठेवून काय करायचं त्याचं. आज म्याडम येतात सँपल न्यायला. ह्या शर्टात बरं दिसत न्हाई."

बरं दिसत न्हाई. तारामतीनं त्याच्याकडं वळून बघितलं. लग्नात मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत या माणसानं आरशात बघितलं नव्हतं. तिच्या भावानंच ओढून नीट केल्या होत्या.

"आणि चार भाकरी बांध," तो म्हणाला.

"चार?"

"म्याडमला होस्टेलवर भाकर मिळत न्हाई. मागच्या हप्त्यात माझ्यातली अर्धी दिली तर डबा पुसून खाल्ली त्यांनी."

तिनं चार भाकरी बांधल्या. करपलेली वर ठेवली.

ही मनस्विनी मॅडम दिवाळीनंतर उगवली होती. विद्यापीठात संशोधन करणारी कुणी मुलगी. करोनाचा विषाणू शहराच्या सांडपाण्यात सापडतो का आणि किती सापडतो, हे तिला बघायचं होतं. करोना तर सगळे विसरले होते. मास्क कुणी फडक्यासारखे वापरत होतं, कुणी फेकून दिले होते. आणि ही बाई दर मंगळवारी सकाळी स्कूटीवर येऊन नाल्याचं पाणी बाटलीत भरून, बर्फात ठेवून, एखादं औषध न्यावं तसं जपून घेऊन जात होती. तारामतीला पहिल्यांदा हे ऐकून हसू आलं होतं. दुसऱ्यांदा आलं नाही. कारण तोवर भीमाशंकर रोज रात्री जेवताना तेच बोलू लागला होता.

भीमाशंकर मुळात बोलणारा माणूस नव्हता. शिरूर अनंतपाळकडच्या शेतकऱ्याचा धाकटा मुलगा, आयटीआय करून शहरात आलेला. घरात लागेल तेवढंच बोले. तारामती दिवसभर साड्यांना फॉल-पिको करत मशीनवर बसे, तिथं चार बायका येत, त्यामुळं तिच्या पोटात बोलणं साठे. त्याच्यात साठत नाही, अशी तिची समजूत होती. काही माणसं रिकामीच असतात, असं ती मनाशी म्हणे, आणि त्यात तिला राग नव्हता.

आता तोच माणूस ताटावर बसून सांगत होता, "तारा, माणूस दवाखान्यात जायाच्या आधी त्याचा रोग आमच्या प्लांटवर पोचतो. त्याला खोकला बी आलेला नसतो. पर त्याच्या संडासातून सुरू झालेलं असतं. म्याडम म्हणतात, दवाखान्याला कळायच्या आत आपल्याला कळतं, शहरात काय यायलंय ते."

"मी जेवायले," तारामती म्हणाली.

"हाव, हाव." तो गप्प झाला. पण चेहऱ्यावरचं बोलणं गेलं नव्हतं. ते उद्या दुसऱ्या कुणासाठी तरी राखून ठेवलंय, असं तिला वाटलं, आणि घास तोंडात फिरू लागला.

मग खिडक्यांचं सुरू झालं. घरात आल्या आल्या तो खिडक्या उघडू लागला. म्याडम म्हणतात, हवा खेळती पाहिजे. म्याडम म्हणतात, हा रोग हवेतून जातो, बंद खोलीत धुरासारखा भरून राहतो. तारामतीच्या मशीनवर पातळ साड्या असत, वाऱ्यानं उडत. हवेला तिची एरवी ना नव्हती, पण आता ती त्याच्या मागोमाग उठून एकेक खिडकी लावू लागली. कडी घालताना जरा जोरानंच घाली.

शेजारची कमलम्मा देगलूरकडची. तिच्या मराठीत तेलुगू मिसळलेलं असे आणि नजर सगळ्या गल्लीवर असे. ती एकदा ब्लाउजपीस घेऊन आली आणि मशीनजवळ फतकल मारून बसली.

"अय्यो, मंगळवारी तुझे मालक लई टापटीप दिसायलेत ग. देवीला जातात का?"

"ड्यूटीला जातात."

"इस्त्रीचा शर्ट घालून? तिथं?" कमलम्मानं नाकाला पदर लावला आणि हसली. "काही म्हण, ह्या वयात गडी माणसावर नजर ठेवावी लागते. तरुणपणी न्हाई फिरत, आता फिरतात."

तारामतीही हसली. कमलम्मा गेल्यावर तिनं त्या ब्लाउजपीसची बाही उलटी जोडली आणि सगळी उसवून पुन्हा बसली.

तिनं त्याचा फोन बघितला. तो पाणी आणायला गेला होता तेवढ्यात. मॅडमचा मेसेज होता: 'काका, उद्या नऊला येते. बर्फाचं सांगून ठेवाल का?' खाली त्यानं अंगठा पाठवला होता. पुन्हा मेसेज: 'थँक्यू काका. तुम्ही नसता तर माझं काही खरं नव्हतं.' एवढंच. तारामतीनं ते इतक्या वेळा वाचलं की अक्षरांचा अर्थच निघून गेला. काका म्हणते, हे तिला दिसत होतं. पण बर्फ? मे महिन्यात तिनं दहा वेळा सांगितलं होतं, येताना रसवंतीवरून थोडा बर्फ आणा, सरबत करते. एकदाही त्याला आठवण झाली नव्हती. आणि आता मंगळवारी सकाळी हा माणूस वाट वाकडी करून रसवंतीवाल्याला उठवून बर्फ घेऊन जात होता.

त्या आठवड्यात तिनं ठेच्यात मिरच्या दुप्पट घातल्या. शेंगदाणे जवळजवळ नाहीतच. डबा गच्च भरून दिला आणि दिवसभर मशीनवर बसून वाट बघितली. संध्याकाळी भीमाशंकर आला, मागनं येऊन आंघोळ केली आणि डबा मोरीत ठेवत म्हणाला, "ठेचा म्याडमला लई आवडला. डोळ्यातून पाणी वाहायलं, तरी खाल्ला. म्हणायल्या, काकूंना सांगा, आमच्या लातूरच्या घरी असाच असतो."

तारामती मोरीत बसली. तिनं डबा घासला, पुन्हा घासला.

पुढच्या मंगळवारी तिनं डबा मुद्दाम वेळेवर केला नाही. पीठ संपलंय म्हणाली. भीमाशंकर तसाच गेला. तो कोपऱ्यावर दिसेनासा झाला तशी तिनं डब्यातलं पीठ काढलं, धपाटे केले, दह्याची वाटी भरली, चांगली साडी नेसली आणि रिक्षात बसली. प्लांटवर ती आजवर कधीही गेली नव्हती.

फाटकावरच्या माणसाला तिनं नाव सांगितलं. "ऑपरेटर साहेबांच्या घरच्या का?" तो उठून उभा राहिला. 'साहेब' ऐकून तिला क्षणभर वाटलं, आपण चुकीच्या ठिकाणी आलो.

वास तर होताच. तिनं पदर नाकाशी धरला. पण तिला वाटलं होतं तसं ते नव्हतं. ती समजत होती, एखादं मोठं डबकं असेल. इथं लांबच्या लांब काँक्रीटच्या टाक्या होत्या, वर लोखंडी पूल होते. एका टाकीत यंत्रं हवा मारत होती आणि पाणी उकळल्यासारखं उसळत होतं, वर तपकिरी फेस. शेवटच्या टाकीतलं पाणी जवळजवळ स्वच्छ होतं आणि तिथं क्लोरीनचा वास येत होता, पोहण्याच्या तलावासारखा. आणि या सगळ्याच्या मधोमध पुलावर तिचा नवरा निळ्या शर्टात उभा होता आणि मोठमोठ्यानं बोलत होता.

मोटारींच्या आवाजावर आवाज चढवून तो सांगत होता. "म्याडम, इकडं या, इकडं. वारं तिकडून हाय आज. तिकडं उभ्या राहिलाव तर तुषार अंगावर यायलेत." हातवारे करत होता. बाजूला बाटली बांधलेली काठी धरून उभी असलेली मुलगी त्याच्या हाताप्रमाणे सरकत होती. मग त्यानं काहीतरी म्हटलं आणि ती मुलगी मान मागं टाकून हसली. तोही हसला. त्याचे मागचे दात दिसले. त्यांतला एक दात पडलेला आहे, हे तारामतीला त्या वेळी पहिल्यांदा कळलं.

तिला वाटलं होतं, आत काहीतरी वंगाळ दिसेल आणि मग आपण काय करायचं ते करू. असं काही दिसलं नाही. मुलगी सोमेशपेक्षा लहान असावी. काटकुळी, तोंडाला मास्क, हातात मोजे, केस हेल्मेटनं चपटे झालेले. दिसायला काही नाही. तारामतीला उलट त्याचाच जास्त त्रास झाला. देखणी असती तर समजलं असतं. हा तिच्याशी नुसता बोलत होता. घरी जे कधी बोलला नाही ते सगळं इथं, पुलावर, वाऱ्यावर सोडून देत होता.

"अगं, तू?" त्यानं तिला बघितलं आणि खाली आला. "घरी सगळं ठीक हाय ना?"

"डबा राहिला होता."

"पीठ संपलं होतं ना?"

"सापडलं."

तेवढ्यात वर कुठल्याशा पंपाचा आवाज बदलला. त्यानं मान तिरकी करून ऐकलं, "आलो" म्हणाला आणि धावलाच. मनस्विनी मोजे काढून, हात साबणानं धुऊन, मास्क हनुवटीवर ओढून तारामतीपाशी आली आणि वाकून पायाला हात लावला.

"काकू, किती दिवस म्हणतेय काकांना, घेऊन या काकूंना. चला, आत बसू. खिडकीपाशी बसा, तिथं वास कमी येतो."

ऑपरेटरची खोली पत्र्याची होती. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला लागून लोखंडी खाट. दोघी खुर्च्यांवर बसल्या. तारामतीनं पदर नाकावरून काढला नव्हता.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" तिनं विचारलं. नांदेडच्या शिकलेल्या बायकांशी बोलायची भाषा तिनं काढली होती. "ह्या पाण्यातनं रोग लागला म्हणजे?"

"करोना या पाण्यातून सहसा लागत नाही, काकू. इथं सापडतात ते बहुतेक विषाणूचे तुकडे, मेलेले. दुसरे जंतू असतात, म्हणून मोजे, मास्क. पण करोना पसरला तो हवेतून. बंद खोल्यांत. गटार फक्त खबर देतं." ती हसली. "काकांचंच बघा ना. सगळ्यांना वाटलं असतं, गटारावर काम करतात म्हणून झाला. पण त्यांना तर त्या पॅनल रूममध्ये झाला."

तारामतीनं तिच्याकडं बघितलं.

"स्विचबोर्डात धूळ जाते म्हणून तेव्हा दारं-खिडक्या बंद असायच्या तिथं. आणि जोडीचा ऑपरेटर खोकत होता आठवडाभर," मनस्विनी म्हणाली. मग थांबली. "काकांनी सांगितलंच असेल तुम्हाला."

"हाव," तारामती म्हणाली. "सांगितलं की."

हे तिच्या तोंडून कसं निघालं, तिलाही कळलं नाही. पण निघालं आणि मग मागं घेता येईना. उलट मान डोलवावी लागली. आणि तिला सगळं माहीत आहे असं समजून ती मुलगी मोकळेपणानं बोलत गेली.

"कमाल आहे काकांची. मला सांगताना हसत होते. म्हणाले, म्याडम, मला कसं कळलं माहितीये का? सकाळी उठलो आणि प्लांटचा वासच येईना. म्हटलं, एवढं पाणी स्वच्छ कुणी केलं?" तिनं मान हलवली. "आणि मग ताप. इथंच, याच खाटेवर. एकटे. वॉचमन दारात पाणी ठेवून जायचा. एका रात्री तर त्यांना वाटलं, संपलं सगळं. चप्पल घालून दारापर्यंत गेले म्हणे आणि तिथंच बसून राहिले सकाळपर्यंत, श्वास घ्यायला. तरी मोटारी चालू ठेवल्या."

"हाव," तारामती म्हणाली.

"आणि तुमचा डबा. चव गेलेली, वास गेलेला. डोळ्यांना दिसायचं, पण जिभेला काही कळायचं नाही. म्हणून तुम्हाला फोन करून विचारायचे ना, आज भाजी कशाची केली? तुम्ही सांगितलं की मग ती चव आठवून जेवायचे."

तारामतीच्या कानांत मोटारींचा आवाज वाढला. ते फोन तिला आठवत होते. दुसऱ्या लाटेचा तो उन्हाळा. तिची आई साखराबाई तेव्हा त्यांच्याकडं होती, दम्यानं बेजार. गल्लीतनं रोज एक अँब्युलन्स जायची. तारामतीनंच त्याला म्हटलं होतं, तुम्ही तिकडंच राहा काही दिवस, आईचं वय झालंय. तो राहिला. डबल ड्यूटी चालू हाय, म्हणाला. वॉचमन सायकलवर येऊन कोपऱ्यावरनं डबा न्यायचा. आणि दुपारी भीमाशंकरचा फोन यायचा, भाजी कशाची हाय? ती कावलेली असायची. एकदा तिनं म्हटलं होतं, डबा उघडून बघा की, डोळे फुटलेत का? आणि फोन आपटला होता.

"आठवतं की," ती मनस्विनीला म्हणाली. "रोज फोन यायचा."

भीमाशंकर आला. तिघांनी धपाटे खाल्ले. मनस्विनीनं दह्याची वाटी चाटूनपुसून स्वच्छ केली. तारामतीनं एक घासही खाल्ला नाही. घरी जाऊन जेवीन म्हणाली.

त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची, पाणी द्यायची आणि मशीनवर जाऊन बसायची. भीमाशंकरनं पहिल्यांदा ओळखलंच नाही, कारण घरात तसंही फार बोलणं नव्हतं. मग ओळखलं.

"काय झालं? म्याडम काही बोलल्या का?"

"त्या कशाला बोलतील. चांगल्या हायेत त्या."

"मग?"

तिनं मशीन चालू केलं. तिला सांगताच येत नव्हतं काय झालंय ते. तो आजारी पडला म्हणून रडू यायला हवं होतं. तसं येतही होतं, न्हाणीत, नळ सोडून. पण त्यापेक्षा जास्त जळत होतं दुसरंच. माझ्या नवऱ्याचं मरण दारापर्यंत येऊन गेलं आणि ते मला त्या पोरीनं सांगावं. माझ्या हातच्या भाजीचं मला तिनं सांगावं. तिच्याकडं ते सगळं आहे, नीट, एकामागून एक. आणि माझ्याकडं काय, तर डोळे फुटलेत का. मनस्विनी वाईट असती तर तिला शिव्या तरी देता आल्या असत्या. ती पायाला हात लावणारी निघाली, आणि तारामतीच्या जळण्याला टेकायला जागाच राहिली नाही.

कमलम्मा येऊन गेली. "काय ग, पाहून आलीस म्हणे? कशी हाय?"

"लेकरू हाय," तारामती म्हणाली. "उगं काहीबाही बोलू नको."

"मग तोंड कामून सुजलंय तुझं?"

तारामतीनं सुईत दोरा ओवला. "तुझे मालक तुला सगळं सांगतात का?"

कमलम्मा हसायला लागली होती, ती मधेच थांबली. तिनं थोडा विचार केला, आणि ब्लाउज घेऊन उठली.

शुक्रवारी तारामती पुन्हा रिक्षात बसली. या वेळी डबा नव्हता, चांगली साडी नव्हती. फाटकावरचा माणूस उठून उभा राहिला तेव्हा तिनं मान हलवली. भीमाशंकर टाकीवर जाळीत अडकलेला कचरा ओढत होता. अंगात रोजचा खाकी शर्ट. तिला बघून तो हात धुऊन आला आणि ती खोलीकडं चालू लागली तसा तिच्यामागं गेला.

"कुठं झोपला होता तुम्ही?" तिनं विचारलं.

त्याला कळायला वेळ लागला. मग त्यानं खाटेकडं बोट केलं. "म्याडमनं सांगितलं व्हय?"

"मला माहीत हाय असं समजून सांगितलं त्यांनी. मी हाव म्हटलं." ती खुर्चीवर बसली. "आता तुम्ही सांगा."

"झालं गेलं ते. तीन वर्षं होत आली."

"सांगा."

त्यानं टोपी काढली, टेबलावर ठेवली, पुन्हा हातात घेतली. मग सांगायला लागला. वास गेला तिथपासून. ताप, खोकला, वॉचमनची पाण्याची बाटली, ऑक्सिजन पातळी, दारापर्यंत जाऊन बसलेली ती रात्र. सगळं तेच होतं. तारामती ऐकत होती आणि तिला कळत होतं, हे बोलून झालेलं बोलणं आहे. जिथं मनस्विनी हसली असणार तिथं तोही जरा हसून थांबत होता. 'एवढं पाणी स्वच्छ कुणी केलं' हेसुद्धा त्यानं तसंच म्हटलं. ती हसली नाही. 'ऑक्सिजन पातळी' हा शब्द त्याचा नव्हता.

"मला कामून न्हाई सांगितलं?" तो थांबल्यावर तिनं विचारलं.

तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. "तुझी आई घरी होती."

"फोनवर तर सांगता आलं असतं."

"सांगितलं असतं तर तू आली असतीस. तू आली असतीस तर तिला गेला असता रोग." त्यानं टोपीची कड बोटांनी सरळ केली. "आणि न आली असतीस तर..."

  आईला त्या वर्षी काही झालं नव्हतं. पुढच्या थंडीत ती झोपेतच गेली होती, शांतपणे. त्या वेळी भीमाशंकरनंच सगळं केलं होतं.

"आणि मग त्या पोरीला बरं सांगितलं," तारामती म्हणाली.

"त्यांनी इचारलं."

एवढंच. त्यानं हे काही टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. त्याला टोमणे येतच नव्हते. त्यांनी विचारलं, म्हणून त्यानं सांगितलं. घरी त्याला काही विचारत नसत, म्हणून तो सांगत नसे. तारामतीला खूप बोलायचं होतं आणि तिला त्यातलं एकही वाक्य धड सापडेना. शेवटी तिनं विचारलं ते तिला स्वतःलाही लहान मुलासारखं वाटलं.

"त्यांना न सांगितलेलं असं काही हाय का?"

"म्हणजे?"

"त्या वेळचं. जे त्यांना माहीत न्हाई. मला एकटीला सांगा."

भीमाशंकरनं मनापासून विचार केला. तिला दिसत होतं, तो आठवत होता, शोधत होता. कपाळाला आठ्या पडल्या. बाहेर हवा मारणारी यंत्रं घरघरत होती.

"न्हाई ग," तो ओशाळून म्हणाला. "सगळंच सांगितलं वाटतं त्यांना. लई बारीकबारीक इचारत होत्या."

तेवढ्यात घरघर थांबली. अचानक एवढी शांतता झाली की नाल्यावरचे पक्षी ऐकू आले. "ट्रिप झाला," म्हणत भीमाशंकर उठला. दारातून जाताना सवयीनं वाकला, नाहीतर चौकट त्याच्या कपाळाला लागली असती.

तारामती एकटी राहिली. ती उठून खाटेपाशी गेली. लोखंडी पट्ट्यांची खाट, वर चवाळं, उशीच्या जागी घडी घातलेलं पोतं. डोक्याच्या बाजूला भिंत होती आणि पायथ्याला जुन्या पॅनलचं लोखंडी कपाट, जमिनीत बोल्टनं बसवलेलं. ती बसली. मग आडवी झाली. वर पत्रा होता आणि पत्र्याला एक भोक, त्यातून उजेडाची काडी खाली येत होती. त्यानं हेच बघितलं असणार. पण हे कुणीही आडवं होऊन बघू शकलं असतं.

तिनं पाय लांब केले. टाचा कपाटाला टेकल्या.

ती तशीच पडून राहिली. मग तिनं मान उचलून पायांकडं बघितलं, आणि पुन्हा डोकं टेकवलं. ती ठेंगणी होती. तिचेच पाय जेमतेम मावत होते. तो तिच्याहून हातभर उंच.

यंत्रं पुन्हा घरघरू लागली. थोड्या वेळानं भीमाशंकर हात पुसत आला आणि दारातच थांबला.

"काय ग? चक्कर आली का?"

"न्हाई." ती पत्र्याकडं बघत होती. "तुम्ही पाय पोटाशी घेऊन झोपला असाल. इतके दिवस."

त्यानं खाटेकडं बघितलं, कपाटाकडं बघितलं. जणू कुणी दुसऱ्याचीच खाट दाखवली होती.

"हाव," तो म्हणाला. "सरळ होताच येत नव्हतं. पोटऱ्यांत गोळे यायचे रात्री. ते तर मी इसरूनच गेलो होतो."

"त्या म्याडमला सांगितलं हे?"

"न्हाई. हे काय सांगायचं."

"मग सांगू बी नका," तारामती म्हणाली, आणि भिंतीकडं सरकून तिनं त्याला टेकायला जागा करून दिली.